जांभळ्या दोऱ्याच्या जुड्या

रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला माझ्या घरी बावन्न बायका आल्या. दिनकर, माझा नवरा, गेल्यापासून अकरा वर्षं माझ्या उंबऱ्यावर कुंकवासाठी कुणी पाय ठेवला नव्हता. विधवांना सगळा मान द्यायचा, असा ठराव ग्रामसभेनं केला त्यालाही सात वर्षं झाली होती. पण ठराव पंचायतीच्या भिंतीवर आणि बायका आपापल्या घरी, असं चाललं होतं. शेवटी गिरिजाकाकू पुढे झाल्या. गिरिजाकाकू म्हणजे आमच्या तळेगव्हाणातल्या बायकांचं हायकोर्ट. त्यांनी सांगून टाकलं, "यंदा चंद्रकलेकडं जायचं. जी जाणार नाही तिनं माझ्याकडंही येऊ नये." मग काय, झाडून सगळ्या आल्या.

वाण काय लुटायचं यावर मी महिनाभर डोकं खाजवलं होतं. प्लॅस्टिकचे डबे सगळ्याच देतात. मी वाळ्याच्या जुड्या दिल्या. गावाला बारा वर्षं टँकरचं पाणी, त्याला औषधाचा उग्र दर्प. उन्हाळ्यात माठात वाळ्याची मुळं टाकली की पाणी गोड लागतं आणि तो दर्प मरतो. मी कामाला आहे त्या रोपवाटिकेतली मुळं होती, धुऊन, वाळवून बांधलेली. बाहेर न्यायला डॉक्टर मॅडमची सही घेतली होती. रोपवाटिकेत दर दोन ओळींना एका रंगाचा दोरा असतो, ही ओळख पटायची सोय. सवयीनं मी जुड्याही त्याच त्या रंगाच्या दोऱ्यानं बांधल्या. पाच आणि सहा नंबरच्या ओळीतली मुळं सगळ्यांत जाड आणि घमघमीत निघाली, त्यांचा दोरा जांभळा. त्या चौदा जुड्या मी जिवाभावाच्या माणसांसाठी बाजूला काढल्या. एक गिरिजाकाकूंना दिली. दुसरी त्यांच्या सुनेला, पल्लवीला. तिला तेव्हा चौथा महिना होता.

आता हा वाळा साधासुधा नव्हे, ते सांगायला हवं.

गावाच्या वरच्या अंगाला लष्कराचं जुनं दारूगोळा कोठार आहे. मुदत संपलेले तोफगोळे तिथं खड्ड्यांत घालून जाळायचे. दिनकर तिथंच आगीच्या बंबावर होता, त्या धुरानंच त्याची फुप्फुसं खाल्ली. जळायचं तेवढं जळायचं, उरलेलं मातीत राहायचं. त्यातली आरडीएक्स नावाची दारू फार चिवट. ती मातीला धरून बसत नाही. पावसाच्या पाण्यात विरघळते, मुरमातून खाली उतरते, कातळाच्या भेगांत शिरते आणि जमिनीखालच्या पाण्याबरोबर उताराला लागते. उतारावर कोण, तर आम्ही. कोठार बंद झालं, साहेब लोक बदलून गेले, दारू मात्र चालतच राहिली आणि एक दिवस आमच्या थोरल्या विहिरीत पोचली. विहिरीला कुलूप लागलं ते तेव्हा, २०२९ साली.

डॉक्टर शाल्मली हर्डीकर आल्या त्या ही दारू काढायला. आरडीएक्सच्या रेणूत नायट्रोजन ठासून भरलेला असतो, आणि नायट्रोजन म्हणजे झाडाचं खाणं. गोळीबाराच्या मैदानातल्या मातीत राहून राहून काही जिवाणू हा रेणू फोडून त्यातला नायट्रोजन खायला शिकले. फोडायचं काम त्यांच्या अंगातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. मॅडमच्या प्रयोगशाळेनं त्या विकराचं जनुक काढून वाळ्याच्या मुळांत बसवलं. वाळाच का, तर त्याची मुळं सरळ खाली तीन-चार मीटर जातात. खोलवरचं पाणी सौरपंपानं वर काढायचं, वाळ्याच्या शेतात सोडायचं, मुळांनी दारू खायची आणि निवळलेलं पाणी परत जमिनीत जाऊ द्यायचं. कागदावर ह्या जातीला लांबलचक नाव आहे. आम्ही त्याला 'खादाड' म्हणतो.

मॅडमनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट घोटून घेतली होती. मूळ दारू ओढून साठवतं आणि दोन-तीन आठवड्यांत पचवतं, पण जिवंत असेल तरच. कापलं की पचन थांबलं, पोटातलं पोटातच राहिलं. म्हणून शेतातलं एक मूळही कुंपणाबाहेर न्यायचं नाही. रोपवाटिकेला हा नियम नव्हता. ती जुन्या परेडच्या मैदानावर होती, आणि तिथली माती तपासून स्वच्छ ठरलेली होती.

कामाला तीन वर्षं होत आली. पाणी तपासायला नऊ बोअर घेतलेले, त्यांतल्या आठांचा आकडा उतरत होता. लिटरला दोन मायक्रोग्रॅम ही हद्द. दहा हजार लिटरच्या टँकरला जाड्या मिठाच्या दोन-चार कण्या म्हणा ना. आठ बोअर तिथवर येत होते, आणि सात नंबर तेवढा अडतीसवर बसून होता. ३१ मेला लष्कराची समिती येणार होती. त्यांना पटलं तर आणखी दोन वर्षं. नाही पटलं तर जमिनीवर काँक्रीटचं झाकण घालायचं, भोवती जमिनीत खोल भिंत उतरवायची, थोरली विहीर बुजवायची आणि धरणावरून नळ आणायचा. तळेगव्हाणला स्वतःचं पाणी मग कधीच नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आशाताईनं गावाची तिमाही लघवी तपासणी केली. दोन वर्षं कोरी येत होती. ह्या वेळी अकरा घरांत आरडीएक्स निघालं, आणि त्यांत पल्लवीचं नाव होतं.

गावात गलका झाला. कुणी टँकरवाल्याची गचांडी धरली, कुणी म्हणालं मॅडमचे जिवाणू हवेतून घरात शिरले. मी टँकर तपासला, टाक्या तपासल्या, नळाच्या तोट्या तपासल्या. आमच्याकडं हातात धरायचं एक यंत्र आहे, पाण्यात बुडवलं की मिनिटात आकडा सांगतं. त्याला आम्ही 'नाक्या' म्हणतो. नाक्या सगळीकडं शून्य दाखवत होता. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी पल्लवीला बघायला गेले. पोरगी घाबरून पांढरी पडली होती. गिरिजाकाकूंनी मला बसवलं, तांब्याभांडं पुढं केलं.

"घे, उन्हातून आलीस. तुझाच वाळा आहे बघ माठात. पल्लवी तर दुसरं पाणी तोंडाला लावत नाही."

भांडं ओठांपर्यंत नेलं आणि माझा हात थबकला. वास छान होता. फारच छान. टाक्या, तोट्या सगळं तपासलं होतं, माठ मात्र एकही नाही. मी पिशवीतून नाक्या काढून भांड्यात बुडवला. आकडा आला एकसष्ट.

"काय गं, काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काकू, हा माठ रिकामा करा. आत्ता. आणि ती जुडी मला द्या."

"वाणाची जुडी परत घेतेस?"

"संध्याकाळी सांगते काकू. पण आता हे पाणी कुणी प्यायचं नाही, तुम्हाला दिनकरची शपथ."

घरी पळत गेले आणि आमच्या माठात नाक्या घातला. शून्य. आमच्या जुडीला दोरा पांढरा. पल्लवीच्या जुडीला जांभळा. मग जे समजायचं ते समजलं. पाच आणि सहा नंबरच्या ओळी सगळ्यांहून हिरव्यागार का होत्या, मुळं एवढी पोसलेली का होती, कारण त्यांना खालून खाणं मिळत होतं. आणि मी मूर्खासारखी खूश होऊन त्यांच्याच जुड्या बांधल्या, वेचून वेचून माझ्या माणसांना दिल्या. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन दोन्ही जुड्या टेबलावर ठेवल्या. मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण डोकं असं चालतं की बघत राहावं. त्यांनी नकाशा उघडला, रोपवाटिकेवर बोट ठेवलं, आणि तिथून सात नंबरच्या बोअरपर्यंत सरळ रेघ ओढली.

"आपण वरची एक मीटर माती तपासली होती चंद्रकलाताई," त्या सावकाश म्हणाल्या. "कोठार बंद करताना मैदानावर नवा मुरूम पसरला होता. आपण तो मुरूम तपासला. मुळं त्याच्या खाली गेली. पाच-सहाच्या खाली कसलातरी खड्डा आहे, जो एकाही नकाशावर नाही. म्हणून सात नंबर उतरत नाही."

"मग खणू या."

 त्या उठून दार लावून आल्या.

"माणसाच्या अंगात दारू सापडली आणि ती आपल्या रोपांतून गेली, हे नोंदवलं की नियमानं काम त्याच क्षणी बंद. समितीत झाकणवालेच जास्त आहेत, त्यांना आयतं कोलीत मिळेल. जुड्या बाहेर न्यायच्या कागदावर माझी सही आहे, ते सोडा, माझं मी बघेन. पण गावाची विहीर कायमची जाईल." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "दुसरा रस्ता आहे. जुड्या काहीतरी निमित्त काढून गोळा करा. पाणी बंद झालं की आठवड्यात सगळ्यांच्या तपासण्या कोऱ्या येतील, आरडीएक्स अंगात टिकत नाही. मेअखेर मुदतवाढ घेऊ. जूनमध्ये खणू."

खरं सांगते, मला ते पटलं. घरी जाईपर्यंत मी निमित्तसुद्धा शोधत होते. सासूबाईंना, मी त्यांना आत्याबाई म्हणते, सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सांग की मुळांना उंदीर लागले होते. एवढ्याशा खोट्यानं पाप लागत नाही. अकरा वर्षांनी बायका दारात आल्या, चंद्रकला. विधवेचं वाण बाधलं म्हणाल्या की परत फिरकायच्या नाहीत."

मी चुलीपुढं बसून रडले. आत्याबाई म्हणत होत्या ते खरं होतं. त्या एका दुपारसाठी मी किती वर्षं वाट पाहिली होती ते मलाच माहीत. बावन्न जणींनी माझ्या हातचं कुंकू लावून घेतलं होतं. 

मग भाकरी थापताना हिशेब केला. जांभळ्या जुड्या चौदा. दारू निघाली अकरा घरांत. मग तीन जुड्या कुठं गेल्या? वाण कधी एका घरात थांबतं का? आईला आलेलं लेकीकडं जातं, लेकीचं नणंदेकडं. त्या तीन माठांतलं पाणी कोण पीत होतं, कुठल्या गावात, कुणाची लेकरं, मला ठाऊक नव्हतं. उंदराची थाप मारून जुडी मागितली असती तर बाई म्हणाली असती, जाऊ दे, लेकीला दिली, आणि विषय संपला असता. खरं कारण सांगितल्याशिवाय त्या तीन जुड्या हाती लागणार नव्हत्या.

मॅडमना फोन केला. "मॅडम, मी उद्या सकाळी समाजमंदिरात सांगणार आहे. त्याआधी तुम्ही नोंदवा. नाहीतर मी नोंदवते, मला वहीत लिहिता येतं."

 मॅडम म्हणाल्या, "तुमचं नाव खाली लिहा, वर माझं. मी आत्ताच काम बंद करते."

सकाळी समाजमंदिर भरलं होतं. मी पाल्हाळ लावला नाही. म्हटलं, "अकरा घरांत जे निघालं ते माझ्या वाणातून गेलं. मी दिलं, माझ्या हातानं दिलं. जमीन स्वच्छ आहे असं मला वाटलं होतं, ती नव्हती. जांभळा दोरा असेल तर जुडी पाण्यातून काढा. दुसऱ्या रंगाची असली तरी काढा. कुणी पुढं कुणाला दिली असेल तर आत्ता फोन लावा. आणि सगळ्या जुड्या दोऱ्यासकट मला परत पाहिजेत, म्हणजे जमिनीखाली खड्डा नक्की कुठं आहे ते कळेल."

मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हणून जुनी माणसं सांगायची, असल्या हातचं घेऊ नये."

कुणी तिला गप्प केलं नाही. आणि दुसरीच अडचण पुढं आली. बायका जुड्या द्यायला तयार नव्हत्या. फेकू म्हणाल्या, जाळू म्हणाल्या, पण परत? वाण परत दिलं म्हणजे आपलं सौभाग्य आपणच परत केलं. शिकलेल्या मुलीसुद्धा मान हलवत होत्या.  गिरिजाकाकूंनी पल्लवीचा हात धरला आणि त्या तिला घेऊन गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

पण आमच्या बायका डोक्यानं काही कमी नाहीत. हातात द्यायचं नाही ना, मग नको देऊ या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेले तर कोठाराच्या तारेच्या कुंपणाला जुड्या लटकत होत्या. कोण आलं, कधी अडकवून गेलं, मी बघितलं नाही आणि विचारलंही नाही. दुपारपर्यंत, माझ्याकडं आधीच आलेली पल्लवीची धरून, एकोणपन्नास झाल्या. जांभळ्या अकरा. सगळ्या तपासल्या. पांढऱ्या, तांबड्या, हिरव्या कोऱ्या निघाल्या. जांभळ्या अकराच्या अकरा भरलेल्या.

कर्नल मोहिते समितीचे प्रमुख. ते चौकशीला आले, त्यांच्यासमोरच पाच-सहाच्या ओळींखाली खणलं. अडीच मीटरवर मुरूम संपला आणि काळी राख लागली. राखेत तोफगोळ्यांची गंजलेली टोपणं, आणि खाली सगळं ओलं. खड्डा बैलगाडी मावेल एवढा. कर्नल बराच वेळ वाकून बघत होते. दिनकरनं ह्या खड्ड्याबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. त्याला माहीत होतं की नव्हतं, तेही मला कळायला आता मार्ग नाही.

"हा आमच्या कागदांत नाही," कर्नल म्हणाले.

"आता आहे साहेब," मी म्हटलं, आणि वही पुढं केली.

दोन जुड्यांचा पत्ता फोनवर लागला. एक पुण्याला, अजून कागदात गुंडाळलेली. एक परभणीला, माठातून काढून फेकली. तिसरी सापडेना.

पल्लवीची दुसरी तपासणी कोरी आली. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, बाळ ठीक आहे म्हणाले. मला हे आशाताईकडून कळलं. त्या घराकडं जायची माझी हिंमत नव्हती.

३१ मेला समिती ग्रामसभेत बसली. खड्डा सापडला म्हणजे सात नंबरचं कोडं सुटलं, असं मॅडमनी आकड्यांनिशी मांडलं. खड्डा उपसायचा, माती वेगळ्या वाफ्यात पसरायची, त्यावर खादाड लावायचा, दोन वर्षं. कर्नल म्हणाले, "समितीचं मत अर्धं-अर्धं आहे. झाकण की वाळा, गावानं सांगावं. गाव म्हणेल तशी मी सही करीन."

सरपंच उठले. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या पुतण्याच्या घरी जांभळी जुडी होती. ते म्हणाले, "लोकहो, मी कुणावर राग धरून बोलत नाही. पण ज्यांच्या हातून एकदा गावाच्या माठात दारू गेली, त्यांच्याच भरवशावर अजून दोन वर्षं काढायची? झाकण घाला, नळ घ्या, मोकळे व्हा."

माना हलल्या. मी मॅडमकडं बघितलं, त्यांनी डोळे मिटले होते. मी उठणार होते, पण काय बोलणार? ते म्हणाले त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

तेवढ्यात दारातून गिरिजाकाकू आत आल्या. एसटीतून उतरून थेट आल्या असाव्यात, पदराला घाम, खांद्याला पिशवी. त्या पुढं माझ्यापर्यंत चालत आल्या आणि पिशवीतून जांभळ्या दोऱ्याची जुडी काढली.

"बार्शीला लेकीकडं दिली होती मी. तुझं ऐकलं आणि त्याच दिवशी फोन केला, तिनं माठातून काढली. पण मागितली तर म्हणाली फेकली. मला वाटलं, ही खोटं बोलतेय, वाण फेकायला धजली नसेल. गेले, फडताळ उघडलं, तिथंच होती." त्यांनी जुडी माझ्या हातात ठेवली. कुंपणाला अडकवली नाही, हातात ठेवली. "चौदा झाल्या का?"

"झाल्या काकू."

मग त्या सरपंचांकडं वळल्या. "रामभाऊ, मी इतके दिवस हिच्याशी बोलले नाही. माझ्या सुनेच्या पोटातल्या बाळापर्यंत ते पाणी गेलं, मला राग येणार नाही? अजून आहे." त्यांनी श्वास घेतला. "पण एक सांग चंद्रकले, सगळ्यांसमोर. तू सांगितलं नसतंस तर आम्हाला कळलं असतं का?"

"नाही काकू. जुड्या गुपचूप गोळा करायच्या ठरलं होतं. मलाही पटलं होतं ते, एक संध्याकाळभर."

कुजबुज झाली. मॅडमनी डोळे उघडले आणि उभ्या राहून म्हणाल्या, "ती सूचना माझी होती."

काकूंनी दोघींकडं आळीपाळीनं बघितलं.

"ऐका," त्या सभेला म्हणाल्या. "खड्डा केला त्यांनी सांगितलं नाही. मुरूम टाकला त्यांनी सांगितलं नाही. आता काँक्रीट टाकतील तेही आपापल्या गावाला जातील. उद्या त्या झाकणाला तडा गेला तर कोण येईल सांगायला? ह्या दोघी इथं उभ्या आहेत, स्वतःचं वाकडं स्वतःच्या तोंडानं सांगतायत. मला माझ्या नातवाच्या पाण्यावर असलीच माणसं पाहिजेत. झाकण नको."

त्यांनी हात वर केला. थोडा वेळ त्यांचा एकटीचाच हात होता. मग पल्लवीनं बसल्या जागेवरून केला, मग तिच्या शेजारणीनं. समाजमंदिरात जी म्हातारी मला टोमणा मारून गेली होती, तिनं मात्र शेवटपर्यंत केला नाही. तिच्यावाचूनही पुरेसे झाले. कर्नलनी सही केली.

बाहेर पडताना काकू माझ्याबरोबर चालत होत्या. नजर समोर होती, माझ्याकडं नव्हती.

"कामाला किती वाजता लागायचं?" त्यांनी विचारलं.

"सहाला. रोपवाटिका सगळी उपटायची आहे. पण काकू, तुमचं वय..."

"माझं वय मला माहीत आहे. हातमोजे देता का तुम्ही?"

"देतो."

"मग मोठ्या मापाचे ठेव," काकू म्हणाल्या आणि घराकडं वळल्या.